जांभळीखालची जागा

अप्पा, तुम्ही मला फसवलेत, आणि माझ्या तोंडून नाथू केवटाला फसवलेत. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. गावच्या कमिटीने मला आजच्या सभेसाठी तुमच्याबद्दल चार बरे शब्द लिहून आणायला सांगितले आहे, आणि बरे शब्द आधी लिहायला घेतले तर हे माझ्या हातून लिहिले जाणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. तिरडीची सुतळी माझ्याच दुकानातून गेली. तुमचे भाचे न्यायला आले आणि सवयीने विचारून बसले, कशी दिली. मी त्यांच्यावर असा ओरडलो की समोरचा हलवाई झारा हातात घेऊन बाहेर आला. मग सुतळी त्यांच्या हातात कोंबली आणि दुकान बंद केले. भाव न करता माझ्या दुकानातून गेलेला तो पहिला माल. तुम्ही असता तर म्हणाला असता, "गणपत, आज तुझी तब्येत बरी नाही."

सभेत तुम्ही मला गणपतशेट म्हणायचा आणि ओट्यावर अरे गणपत. सभेतले तुम्ही आणि ओट्यावरचे तुम्ही ही एकच व्यक्ती, असे मी वीस वर्षे धरून चाललो. तिथेच चुकलो.

मी पिंपळघाटला आलो तेव्हा खांद्यावर दोराची वेटोळी आणि अंगावर एक बंडी होती. त्याआधी अमझेऱ्याच्या बाजारात ओरडत हिंडत असे. आजोबा देशावरून फौजेबरोबर आले, सरकारी पागेत घोड्यांना नाल ठोकत राहिले. पुढे पागा आटल्या आणि आमच्या घरी फक्त मराठी उरली. पोट मात्र बाजारातल्या माळवी बोलीवर चालायचे. नालछ्याहून डोंगर उतरून नर्मदेवर आलो ते एवढ्याच हिशेबाने की जिथे नावा आहेत तिथे दोर खपणार. तुमच्या ओट्यासमोर बसून दोर वळू लागलो. तुम्ही धार दरबारचे जुने कारकुनी घराणे, पांढरे धोतर, कानावर बोरू. चार दिवस माझ्याकडे पाहिलेत आणि पाचव्या दिवशी विचारलेत, "अरे, तुला लिहिता येते का?"

नाही म्हटले. शिकायचे का, म्हणालात. काय घ्याल, मी विचारले. तुम्ही हसलात. शिकवण्याचा भाव विचारणारा माणूस तुम्हाला तोवर भेटला नव्हता.

"विहिरीचा दोर झिजला आहे," तुम्ही म्हणालात.

"एका अक्षराला एक वीत."

"एक हात."

"मग काना-मात्रा फुकट."

ठरले. धुळपाटीवर तुमच्या बोटाने माझे बोट धरून तुम्ही मला बाळबोध अक्षरे गिरवायला लावलीत. पंचविशीचा बाप्या मी, मिशा फुटलेला. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका तोंडाला पदर लावत. ज्ञ पर्यंत पोचलो आणि तुमच्या विहिरीला नवा दोर लागला. पुढे दर अक्षय्यतृतीयेला नवा दोर द्यायचा हे माझे मीच ठरवले. तेवढे तरी माझ्या नावावर लिहा.

मग मोडी शिकायची होती. तुम्ही म्हणालात, दीड हात. मी म्हटले, का, अक्षरे तर तीच आहेत. तुम्ही म्हणालात, वळणे जास्त आहेत. मी धुळपाटी तुमच्याकडे सरकवली आणि उठून आलो. तुम्ही हाक मारलीत, मी वळलो नाही. मला वाटले, दोन दिवसांत तुम्ही एका हातावर याल. तुम्हाला वाटले, मी येईन. कोणीच आले नाही. अप्पा, त्या अर्ध्या हाताइतका महाग सौदा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळानंतर दरबारच्या हुकमाने आपली कमिटी झाली. कमाविसदार, म्हणजे दरबारचा इथला अंमलदार, अध्यक्ष, तुम्ही चिटणीस, बाकीचे गावातले चार-पाच. माझा नंबर लागला तो मोठेपणामुळे नव्हे. नाव हाकणाऱ्या केवटांच्या वस्तीत, विणकाम करणाऱ्या बलायांच्या वाड्यात, बाजारात जाऊन बोलेल असा कोणी तरी हवा होता. तेव्हा पद्धत अशी पडली की तुम्ही ठराव मोडीत लिहायचा, उभे राहून मराठीत वाचायचा, मग मी तोच माळवीत सांगायचा, आणि ऐकणाऱ्यांनी मान डोलावली की सह्या आणि अंगठे. गावाने कमिटी पाहिली ती अशी, दोन तोंडांची. दिवाबत्ती आली, उकिरडे हलले, बाजाराची जागा आखली, सगळे याच पद्धतीने.

पहिली दवंडी आठवते ना? तुम्ही चार ओळी लिहिल्या होत्या: तमाम रयतेस कळविण्यात येते की आपापल्या घरासन्मुख केरकचरा टाकून रहदारीस व आरोग्यास उपद्रव देऊ नये. मी दवंडीवाल्याला सांगितले, "कचरो घर आगे मत डालजो." तुम्ही डोक्याला हात लावलात. "माझ्या चार ओळींचे हे केलेस?" मी म्हटले, माल तोच आहे, बारदान काढले. त्या दिवशी तुम्ही इतके हसलात की कमाविसदार साहेबांनी चष्म्यावरून पाहिले.

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. दुसरी कुणाला सांगितलेली नाही. मला मोडी येत नव्हती, आणि कमिटीत बसल्यावर ते कबूल करणे मला शक्य नव्हते. नालछ्याच्या एका पंतोजीकडून शिकलो, अशी थाप मी ठोकून दिली होती. ठराव झाला की तुम्ही कागद माझ्याकडे वळवायचा. मी ओळींवरून बोट फिरवायचो, कपाळाला आठ्या घालायचो आणि खाली बाळबोधीत सही करायचो. एकदा मला वाटले, नुसती मान हलवणे संशयाचे होईल. तेव्हा मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून म्हटले, "ही जरा लांब झाली आहे." तुम्ही म्हणालात, "करतो आखूड." आणि खरेच कागद घेऊन दुसरा लिहिलात. मी घरी जाऊन बायकोला सांगितले की अप्पा माझ्या वाचण्याला वचकून असतात.

मग घाटाच्या पायऱ्या आल्या.

ज्यांनी आपला घाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदी गावाला लागून वळते, आणि वळणावर एक जुनी जांभूळ आहे. तिच्याखाली पाणी संथ असते, पुरातसुद्धा. केवटांच्या नावा पिढ्यान्‌पिढ्या तिथेच बांधलेल्या. दरबारने पायऱ्यांना मंजुरी दिली आणि त्या नेमक्या तिथूनच उतरणार होत्या. केवटांना उठवायचे होते. कमाविसदार साहेबांना शिपाई पाठवायचे होते. तुम्ही म्हणालात, आधी गणपतशेटना जाऊ द्या.

मी तीन दिवस वस्तीत बसलो. नाथू त्यांचा मुखिया, माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, माझ्यासारखाच चिवट. तिसऱ्या दिवशी ठरले: बांधकाम होईतो नावा खालच्या खडकाळीला न्यायच्या, आणि पायऱ्या झाल्या की जांभळीखालची जागा केवटांना परत. नाथू म्हणाला, "भिया, तमारी जबान पे उठी जावांगा, पण कागद पे लिखी दो."

तुम्ही लिहिलेत. घाटावर सगळी वस्ती जमली, कमाविसदार साहेब खुर्चीवर, आणि तुम्ही उभे राहून वाचलेत. शेवटचे वाक्य मला आजही पाठ आहे: पायऱ्यांचे काम पुरे होताच जांभळीखालील जागा पूर्ववत केवट लोकांकडे राहील. तुमची नजर कागदावर होती, आवाज अडखळला नाही. मी ते माळवीत सांगितले. नाथूने अंगठा दिला. मी बोट फिरवले, आठ्या घातल्या, सही केली.

दीड वर्षाने पायऱ्या झाल्या. नाथू जागा मागायला आला. साहेब म्हणाले, हा स्नानाचा घाट आहे, इथे मासळीचा वास नको, कागदात तसे काही नाही. मी उभा राहिलो. काय बोललो ते आता आठवत नाही, पण दोन सभासद मला धरून होते. मी तुमच्याकडे वळून म्हटले, "अप्पा, काढा तो कागद. वाचा."

तुम्ही हातातल्या टाकाकडे पाहत म्हणालात, "रुमाल धारला गेला आहे."

ठरावांचे कागद बांधलेला दप्तराचा रुमाल धारला गेला तर परत मागवता येतो. नक्कल घेता येते. हे मला त्या दिवशीही कळत होते. पण नक्कल आली असती तर ती मोडीत आली असती, आणि मला ती भर सभेत उघडून बसावे लागले असते. मी नक्कल मागितली नाही. नाथूने माझ्याकडे पाहिले. "भिया, तमने कयो थो," एवढेच म्हणाला आणि गेला.

खडकाळीला पाणी आपटते. दुसऱ्या पुरात दोन नावा फुटल्या. पुढच्या साली निम्मी वस्ती नेमावरला निघून गेली. तिथे यात्रेकरू आहेत, नाव बांधायला जागा आहे. नाथू राहिला. त्याने माझ्याकडचा दोर घेणे बंद केले. दुसरीकडून आणतो, महाग आणि कच्चा. त्याच्या नावेचा तो भुसभुशीत दोर पाहिला की माझा जीव जळतो, आणि मी ते त्याला सांगू शकत नाही.

इतकी वर्षे मी धारला शिव्या दिल्या. साहेबांना दिल्या. धारला कोणी तरी कागद बदलला, अशी माझी खात्री होती. तुमच्यावर राग होता तो एवढाच की त्या दिवशी तुम्ही माझ्या बाजूने तोंड उघडले नाहीत. त्या सालच्या अक्षय्यतृतीयेला मी दोर पाठवला, पण दोन हात कमी. मुद्दाम मोजून कमी. मला वाटले, तुम्ही भांडायला याल. तुम्ही आपल्या जुन्या धोतराचा पीळ घालून तेवढी लांबी जोडलीत आणि वर्षभर पाणी शेंदलेत. मी रोज समोरून पाहत होतो. ती गाठ रहाटावर यायची तेव्हा अडकायची. तुम्ही हाताने पुढे सरकवायचा आणि माझ्या दुकानाकडे पाहायचा नाही.

मग हळूहळू पुन्हा बोलू लागलो. दोन म्हाताऱ्यांना समोरासमोर राहून किती दिवस गप्प राहता येते? तुम्ही कमिटीची हकीकत लिहायला घेतली होतीत, पहिल्या दिवसापासूनची, दरबारला पाठवायला. आपला वाद व्हायचा तो भाषेवरून. मी म्हणायचो, ज्या गावात निम्मे लोक मराठी बोलत नाहीत त्याची हकीकत नुसत्या मराठीत, तीही मोडीत, कशाला? तुम्ही म्हणायचा, हकीकत लिहिण्याची असते, बोलण्याची नव्हे. मी म्हणायचो, या गावात जे झाले ते बोलण्याने झाले. यावर एकदा सुपारी कातरताना तुमचा अडकित्ता हातात तसाच राहिला. मला वाटले, जिंकलो. अप्पा, त्या वेळी तुम्ही मला सांगणार होता का?

तेराव्यानंतर कमिटीने दप्तर उघडायला मला आणि यमूला बसवले. यमू तुमची लेक. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि तुमच्याकडून मोडी शिकली. किती हातांवर, ते मी विचारले नाही. तुमच्या हकीकतीची साफ प्रत तिच्याच अक्षरात आहे. ती एकेक रुमाल सोडत होती आणि मथळे वाचत होती. एका मथळ्यापाशी मी म्हटले, थांब, हा धारला गेला होता ना.

"नाही काका. हा कुठेच गेला नव्हता. माळ्यावर होता."

मी तिला घाटाचा ठराव वाचायला सांगितला. तिने वाचला. शेवटचे वाक्य आले नाही. पुन्हा वाच म्हटले. पुन्हा आले नाही. मी म्हटले, पोरी, नीट बघ, जांभळीखालील जागा पूर्ववत, असे काही आहे. तिने कागद माझ्याकडे वळवला, अगदी तुमच्यासारखा. आणि लगेच परत स्वतःकडे घेतला.

"काका," ती म्हणाली, "बाबांना माहीत होते."

"काय माहीत होते?"

"तुम्हाला मोडी येत नाही ते. पहिल्यापासून. ते म्हणायचे, गणपत चांगला माणूस आहे, त्याला कोणी विचारू नका."

मी तिच्यावर ओरडलो नाही. वीस वर्षे तुम्ही माझी लाज झाकलीत. लांब झालेली ती ओळ खरेच आखूड केलीत, मी खोटा पडू नये म्हणून. आणि त्याच झाकलेल्या लाजेच्या आडून तुम्ही माझ्याकडून ती सही घेतलीत. या दोन गोष्टी एकाच माणसाने केल्या, हे अजून मला जमवता येत नाही. एक हात तुमच्या पायांकडे जातो, दुसरा गळ्याकडे.

यमूने मग कोपऱ्यातली धुळपाटी आणली. तिला फडके गुंडाळलेले होते, आणि फडक्याच्या घडीत एक कागद होता. तुमची सगळी हकीकत मोडीत आहे; हे एकच पान बाळबोधीत. अक्षरे मोठी, सुटी, धुळपाटीवर मला काढून द्यायचा तशी. मी वाचले. माझे मी वाचले.

तुम्ही लिहिले आहे: ठरावात शेवटले कलम नाही. साहेबांनी ते लिहू दिले नाही आणि वाचायला मात्र सांगितले, की लोक निमूट उठावेत. मी कागदावर नजर ठेवून नसलेले वाक्य वाचले. गणपतशेट यांस याची माहिती नव्हती. त्यांनी माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवून लोकांस जबान दिली. दोष माझा आहे.

खाली सही नाही.

यमू म्हणाली, "साफ प्रतीसाठी बाबांनी हे पान मला दिलेच नाही. मी आज पाहते आहे."

अप्पा, तुमच्यावर काय दडपण होते ते मला कळते. कारकुनाची जागा म्हणजे तुमचे घर, यमूचे ताट, बापजाद्यांचे नाव. साहेबांना नाही म्हटले असते तर महिन्याभरात तुमच्या ओट्यावर दुसरे कोणी बसले असते. मी तुमच्या जागी असतो तर काय केले असते, हा भाव मी स्वतःशी दोन दिवस करतो आहे. कधी वाटते, मीही वाचले असते. पण तो साहेब बदलून गेला त्यालाही किती वर्षे झाली. मग कुणाला भीत होता? मला? पान लिहिलेत ते माझ्यासाठी, माझ्या अक्षरात, आणि ठेवलेत अशा जागी की तुम्ही गेल्यावरच सापडावे. समोर राहत होतो हो मी. हाक मारली असतीत तर आलो असतो. भांडलो असतो, दोर चार हात कमी पाठवला असता. पण आलो असतो.

काल मी नाथूकडे गेलो. तो खडकाळीवर नाव उलटी घालून डांबर लावत होता. त्याच्यापुढे उभा राहून मी त्याला सगळे सांगितले. मला मोडी येत नव्हती आणि न वाचता सही केली, हेही. हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेले नाही. त्याने डांबराचा बोळा खाली ठेवला.

"भिया, तमारे बी बाचणो नी आवे?"

आणि हसला. इतक्या वर्षांनी हसला. मीही हसलो, मग दोघेही थांबलो. मी त्याच्या नावेचा दोर हातात घेऊन म्हटले, हा दोर आहे की गवत? तो म्हणाला, तुमच्याकडून घेईन, पण जांभळीला बांधायला घेईन, इथे बांधायला नाही. मग आता जवाब कोण देणार, ते त्याने विचारले, "अबे जवाब कुण देगा?"

माझ्यापुरता जवाब मी देऊन आलो, अप्पा. तुमच्यापुरता तुम्ही त्या पानावर दिला आहे, सही न करता. यमूने आज सकाळी ते पान साफ प्रतीत आपल्या हाताने उतरवले आहे, आणि विहिरीला मी नवा दोर लावला आहे, पुऱ्या लांबीचा. तुमच्याशी माझे भांडण संपलेले नाही. ते ओट्यावरचे आहे. तिथे तुमची जागा रिकामी आहे, तिच्याशी भांडत राहीन. तुमची आठवण येते. दुपारी अडकित्त्याचा आवाज येत नाही, म्हणून दोर वळताना हात थांबतात.

पण एक जवाब उरतो, आणि तो तुमचा नाही, माझा नाही. तो ज्या खुर्चीने वाक्य लिहू दिले नाही त्या खुर्चीचा आहे. साहेब बदलले, खुर्ची तीच आहे, आणि आज तिच्यावर बसलेल्या साहेबांसमोर मी हा कागद वाचतो आहे. साहेब, हे माझे चार बरे शब्द, आणि हे अप्पांचे पान, तुमच्यापुढे ठेवले. हकीकत उद्या धारला जायची आहे. ती या पानासकट जाईल, की हे पान पुन्हा धुळपाटीखाली? पाऊस यायला दीड महिना आहे, जांभळीखालचे पाणी संथ आहे. नाथू केवट बाहेर पहिल्या पायरीवर बसला आहे. मराठीत बोला, मी त्याला माळवीत सांगेन, आणि या वेळी कागद बाळबोधीत लिहा, मी आधी वाचून मगच सांगेन. बोला, त्याला जवाब कोण देणार?